टेलचे तीन गट

आमच्या चारीवरच्या पाणी वापर संस्थेच्या खोलीत एक फलक आहे. त्यावर 'मुख्य प्रवर्तक' या शब्दांपुढे माझं नाव रंगवलेलं आहे. ते पुसून टाका, असं मी तीनदा लेखी दिलं. पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला आलं, की विषय पुढच्या सभेत घेऊ. तिसऱ्या वेळी सचिव म्हणाला, "शेठ, रंगाऱ्याला बोलवायचं तर ठराव लागतो." रंगाचा डबा घेऊन मी स्वतःच गेलो असतो, पण त्या खोलीत पाय ठेवला की माझं डोकं फिरतं, तोंडातून काहीतरी निघतं, आणि निघालेलं परत घ्यायची मला सवय नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.

आमचं गाव आता पुणे महापालिकेत आहे. कर शहराचा, रस्ता अजून गावाचाच. धरणाचा कालवा पर्वतीच्या पायथ्याने शहराच्या पोटातून येतो आणि पुढे आमच्या शिवाराजवळून जातो. त्याला दारं आहेत. एका दारातून आमची चारी निघते. ज्यांची शेतं दाराजवळ ती हेडची माणसं. ज्यांची अगदी शेवटी ती टेलची. हेडला पाणी आपोआप मिळतं. टेलला ते वरच्यांच्या मर्जीने मिळतं, म्हणजे बहुतेकदा मिळतच नाही. आमचं शेत टेलला होतं.

शेत दादा करायचा. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. शाळा सोडून त्याने खुरपं धरलं आणि मला शहरात पाठवलं. शनिवार पेठेतल्या एका दुकानात मी पंपाच्या जळलेल्या मोटारींना तार भरायला शिकलो, पुढे जुने पंप घेऊन दुरुस्त करून विकायला लागलो, आणि आता त्याच रस्त्यावर माझं स्वतःचं दुकान आहे. मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो, असं मी सगळीकडे सांगतो. दादासमोर मात्र सांगत नाही.

त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. एकदा बाजार समितीत माल टाकून तो दुकानात आला. मी एका गिऱ्हाइकाशी जुन्या पंपाचा भाव करत होतो. गिऱ्हाईक सदाशिव पेठेतलं, त्यामुळे अर्धा तास गेला. दादा स्टुलावर बसून सगळं ऐकत होता. गिऱ्हाईक पंप उचलून गेल्यावर तो म्हणाला, "तू इतकं बोलतोस, तर जरा आपल्या पाण्याचं बोल की."

"पाण्याचं काय?"

"उन्हाळ्याचं पाणी टेलला येऊन लई दिवस झालं. इहीर थंडीतच तळ दावती. आता वरची माणसं आपसूक सोडत्याल, ह्या आशेवर कोण बसंल?"

एवढंच बोलला आणि चहा पिऊन गेला. पण मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेलो.

तिथले शाखा अभियंता सरळ माणूस होते. म्हणाले, "संस्था काढा. तुमच्या चारीचं पाणी आम्ही दारावर मोजून संस्थेच्या ताब्यात देऊ. पुढे वाटायचं तुम्ही. आणि नियम असा, की आधी टेलला द्यायचं, मग वर वर यायचं."

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी त्या माणसाचा झालो. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. चारीवर भिजणाऱ्या सगळ्या शेतांची गटवार यादी करायची, तिला ते लाभक्षेत्र म्हणतात. त्यातल्या निम्म्याहून जास्त क्षेत्राच्या मालकांची संमती आणायची. मग सभा, उपविधी, नोंदणी, निवडणूक. समितीत हेडची, मधली आणि टेलची अशी तिन्हीकडची माणसं हवीत. मग अधिकाऱ्यांबरोबर चारी पायी फिरून कुठे काय फुटलं ते लिहायचं आणि शेवटी करार. त्यांनी दोन्ही हातांची बोटं मोजून सांगितलं. मला वाटलं, चार महिन्यांचं काम आहे.

दोन हिवाळे गेले. सातबारे काढले तर निम्म्यांवर मेलेल्या माणसांची नावं. एका गटावर सात भावंडं, त्यातली दोन एकमेकांच्या दारात जात नाहीत. एकजण खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तो म्हणे सुट्टीच्या दिवशीच सही करीन, इतर दिवशी सही कारखान्याची. एकाचा मुलगा आयटीत. तो फोनवर म्हणाला, "अंकल, पीडीएफ पाठवा, मी रिव्ह्यू करतो." मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, पण त्याची सही मिळवायला मला त्याच्या आईकडे चार खेपा घालाव्या लागल्या.

संमतीच्या कागदावर पहिली सही दादाची होती. मांडी घालून बसला, कागद पाटावर ठेवला आणि नववीतल्या अक्षरात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. वहिनी म्हणाली, "भाऊजी, टेलवाल्याची सही पैली चालती का?" मी म्हटलं, "वहिनी, पाणीसुद्धा आता पहिलं टेललाच येणार आहे."

माणसं पुरेशी झाली, क्षेत्र भरेना. हेडला एक मोठा बागायतदार आहे. त्याची आणि त्याच्या भाऊबंदांची जमीन मिळून इतकी, की तो हो म्हणाला की झालं. तो कशाला हो म्हणेल? पाणी त्याच्या दारातूनच जायचं. मी तीनदा त्याच्याकडे बसलो. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या बैठकीत आम्ही अर्धा तास त्याच्या कुत्र्याकडे बघत बसलो.

तिसऱ्या बैठकीत तो बोलला. "शेठ, सही देतो. पण टेल काढा."

"म्हणजे?"

"शेवटचा तुकडा पार फुटलाय. तिथं पाणी सोडलं तर निम्मं जमीनच पिणार. मोजणी होणार दारावर, म्हणजे गळती आमच्या कोट्यातनं. आणि हाय कोण तिथं? तीन गट. एकात गोडाऊन, एकाला बिल्डरचं कंपाऊंड. राहिला तुमचा भाऊ. एका माणसासाठी एवढी चारी भिजवायची व्हय?"

मी उठून उभा राहिलो. त्याने हात धरून बसवलं. "बसा हो. कायमचं नाय म्हणत. एकदा संस्था होऊ द्या, चारी दुरुस्त होऊ द्या, पहिल्याच वार्षिक सभेत टेल परत घेऊ. माझा शब्द."

दुकानात मी शब्दावर वॉशरसुद्धा देत नाही. पण तेव्हा दोन वर्षांचं काम हातातून निसटत होतं, आणि माझं डोकं भलत्याच दिशेने चालत होतं. तीन गट यादीतून गेले, की एकूण क्षेत्रही कमी होतं. म्हणजे निम्म्याचा आकडाही खाली येतो. बागायतदाराची सही आणि कमी झालेलं क्षेत्र, एका अर्जात दोन्ही अडचणी सुटत होत्या. घरी येताना मला स्वतःचं कौतुक वाटलं. आज लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं.

अर्ज टाइप करायला मी सदाशिव पेठेत एका गृहस्थांकडे गेलो. सहकार खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. आमचे उपविधी त्यांनीच बसवून दिले होते. त्यांनी मजकूर वाचला, चष्मा वर केला.

"अहो, या तिसऱ्या गटाचे मालक कोण?"

"माझे थोरले बंधू."

"सख्खे?"

"सख्खे."

"आणि 'सदर क्षेत्रास पाणी पोहोचत नसल्याने ते लाभक्षेत्रातून वगळावे' अशी विनंती आपण करणार."

"तात्पुरतं आहे ते."

"तात्पुरतं असं आपल्या मजकुरात कुठे दिसत नाही. घालू का?"

मी म्हटलं, नको. तात्पुरतं लिहिलं तर साहेब हरकत काढतील. त्यांनी तसंच टाइप केलं. मग संमतीचा जुना कागद पुढे ओढला आणि पट्टी लावून पहिल्या नावावरून एक रेघ मारली. "यादीत नाहीत, तेव्हा संमतीतही नकोत," म्हणाले. "सही इथे करा. आणि बंधूंना सांगा."

"सांगतो," म्हटलं.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पहिल्या सभेचा दिवस आला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. टेलचा प्रतिनिधी म्हणून समितीत आपण, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि का धरू नये? शाखा अभियंत्यांनी सभासदांची यादी वाचली. हेड झालं. मधले झाले. टेल म्हणून जी नावं वाचली ती आधी मधल्यांत असलेली माणसं होती. तिथे यादी संपली. दादा अजून वाट पाहत होता. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं.

सभा संपल्यावर तो मांडवाच्या कडेला आला. "माझं नाव राहिलं का रे?"

"साहेबांनी वगळलं," मी म्हणालो. "पाणी पोहोचत नाही म्हणून. सरकारी काम, त्यांच्यापुढे कोणाचं चालतंय?"

"तुला आधी सांगितलं न्हाय त्यांनी?"

"मलाही आत्ताच कळलं."

त्याने एकदा मांडवातल्या साहेबांकडे पाहिलं. मग माझ्याच खांद्यावर हात ठेवला. "मग तू तरी काय करणार. एवढं केलंस. पुढं बघू." आणि शर्टाच्या बाह्या वर करून पंगतीत मसालेभात वाढायला गेला. बागायतदाराच्या पानात त्याने दोनदा वाढलेलं मी पाहिलं.

नोंदणी झाली, निवडणूक झाली, करार झाला. चारी पायी फिरलो, फुटलेली ठिकाणं लिहिली, दारावर पाणी मोजायची सिमेंटची चौकट बसली. पहिलं आवर्तन सुटलं, म्हणजे कालव्याला आमच्या वाट्याची पाळी आली, तेव्हा मी सकाळीच गेलो. नियमाप्रमाणे पाणी वरची सगळी दारं बंद ठेवून थेट टेलला आलं. नव्या टेलला. तिथून पुढे आमच्या शेताकडे जाणाऱ्या तुकड्याच्या तोंडाशी पाटकऱ्याने माती आणि गोणपाटाचा बांध घातला होता. बांधाच्या अलीकडे पाणी चमकत होतं. पलीकडे दादा फावडं घेऊन उभा होता.

"सहज आलो बघायला," तो म्हणाला. "पाणी चांगलं हाय."

फावडं कशाला आणलं, हे मी विचारलं नाही. मी पाटकऱ्यावर ओरडलो, बांध वेडावाकडा का घातला म्हणून. तो बिचारा म्हणाला, "तुमच्याच नकाशाप्रमाणं घातला, शेठ."

वर्षभर मी वार्षिक सभेची वाट पाहिली. टेलचे गट परत घेण्याचा विषय मीच मांडला. बागायतदार उठून म्हणाला, "मी शब्द दिला होता, नाकारत नाय. माझा हात वर हाय बघा." आणि त्याने खरंच हात वर केला. बाकी कोणाचाच वर झाला नाही. त्याच्या भाऊबंदांचेही नाही. ज्यांच्या संमतीसाठी मी खेपा घातल्या, ज्यांनी दादाच्या ओट्यावर बसून चहा प्यायला, ती माणसं सतरंजीचे धागे ओढत बसली. मागून कोणीतरी म्हणालं, "वगळा म्हणून अर्ज कोणी दिला होता शेठ? आम्ही?"

माझा तोल गेला. मी सभावृत्ताची वही उचलून फेकली. ती सचिवाच्या तोंडावर बसली. महिन्याभराने मला लेखी माफी मागावी लागली, आणि माफी मागणाऱ्याचा विषय पुढच्या सभेत कोण घेणार? त्यानंतरच्या तीन वार्षिक सभांमध्येही मी तो मांडला. तिन्ही वेळा तहकूब. मला अजून वाटतं की त्या गावाने मला फसवलं. मी आणलेल्या पाण्यावर त्यांच्या शेवंत्या फुलल्या आणि माझ्यासाठी एक हात वर झाला नाही. हे मी विसरणार नाही. पण सभेत दादा नसायचा, तो सभासदच नव्हता. त्यामुळे मागून आलेला तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, याचं मला दर वेळी बरं वाटायचं.

दादाने आधी भाजी सोडली. मग पावसावरची बाजरी. मग शेजारच्या कंपाऊंडमध्ये इमारतीचं काम निघालं तेव्हा तिथे दिवसपाळीचा वॉचमन म्हणून लागला. तिथल्या टँकरला फाटक उघडून द्यायचा. मला हे वहिनीने फोनवर सांगितलं. शेवटी त्याच बिल्डरने आमचं शेत मागितलं. दादा दुकानात आला आणि पुन्हा त्याच स्टुलावर बसला.

"इकायचं ठरलं. मला त्यातलं कळत न्हाय. तू माझ्या बाजूनं बस."

आम्ही बिल्डरच्या वकिलाकडे गेलो. वकील तरुण होता, फाइल नीटनेटकी. म्हणाला, "जमीन लाभक्षेत्रात नाही ना? नाहीतर पुढची परवानगी अडकते."

दादा म्हणाला, "न्हाय. त्या साहेबानं वगळली हाय."

"हो, कागद आहे आमच्याकडे. कचेरीतून नक्कल काढली." आणि त्याने ती टेबलावर दादासमोर ठेवली. मी हात पुढे केला होता, पण कागद दादाने घेतला.

तो सावकाश वाचतो. बोट ठेवून वाचतो. सदर क्षेत्रास. पाणी पोहोचत नसल्याने. बोट खाली सरकत गेलं आणि माझ्या सहीवर थांबलं. पंखा चालू होता, कागदाचा कोपरा उडत होता, तो त्याने दुसऱ्या हाताने दाबून धरला. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"बरोबर हाय," तो वकिलाला म्हणाला. "माझ्या भावानंच करून घेतलंय." आणि माझ्याकडे न पाहता, "बोल तू. भावाचं बोल."

मी बोललो. दोन तास बोललो. तेवढा चांगला सौदा मी आयुष्यात केला नाही. वकील शेवटी घामाघूम झाला होता.

खाली रस्त्यावर आल्यावर मी सांगायला सुरुवात केली. बागायतदार, निम्म्याचा आकडा, दिलेला शब्द. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला इचारायचंस. मीच लिहून दिलं असतं. सगळ्या चारीला पाणी मिळतंय तर मी एकटा कशापायी आडवा पडंल? पण इचारायचंस."

"दादा—"

"चार वरसं मी त्या साहेबाला शिव्या घातल्या. पारावर बसून घातल्या. त्याच्या लेकराबाळांवरनं घातल्या." तो थांबला. "कुठं राहतो तो आता?"

मला रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं ते कळतं. राग म्हणजे समोरच्याला काहीतरी हवं असतं, आणि हवं असेल तर देता येतं, अर्धं अर्धं करता येतं. दादाला माझ्याकडून फक्त एक पत्ता हवा होता.

तो मी शोधून काढला. शाखा अभियंता निवृत्त होऊन खडकीला मुलीकडे राहत होते. एका रविवारी मी दादाला स्कूटरवर घेऊन गेलो. वाटेत त्याने गाडी थांबवायला सांगून डझनभर केळी घेतली. हातगाडीवाल्याने भाव सांगितला, मी तोंड उघडलं, पण दादाने तोपर्यंत पैसे देऊन टाकले होते.

इमारतीखाली मी स्कूटर लावली आणि त्याच्याबरोबर निघालो. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो वळला.

"तू थांब हितंच."

"अरे, मी सांगतो ना त्यांना नीट. चूक माझी आहे."

"तुझी तू सांग जा कवातरी. माझी मला सांगायची हाय."

तो वर गेला. मी पाऊण तास खाली होतो. वरून कोणाचा आवाज चढलेला ऐकू आला नाही. एकदा हसल्यासारखं वाटलं, पण ते दुसऱ्या घरातलंही असेल. तो उतरला तेव्हा हातातली पिशवी रिकामी होती, घडी घालून खिशात सरकवत होता.

"काय म्हणाले?"

"चहा दिला."

"आणि?"

"चांगला माणूस हाय." त्याने रस्त्याकडे पाहून रिक्षाला हात केला.

"रिक्षा कशाला? मी सोडतो की घरी."

"नगं. तुला उलटं पडंल." रिक्षा थांबली, तो बसला. आमच्या गावाचा रस्ता आणि माझा रस्ता अर्ध्या शहरापर्यंत एकच आहे, हे त्यालाही माहीत होतं.

रिक्षा गेल्यावर मी जिना चढायला लागलो. साहेबांना सांगायचं होतं की त्या माणसाने तुम्हाला जे काही सांगितलं असेल, त्याची त्याला काही गरज नव्हती. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या वळणावर मी वाक्य जुळवत उभा राहिलो. दुकानात, कचेरीत, सभेत मला कधी शब्द कमी पडले नाहीत. वर दार उघडल्याचा आवाज आला, कोणीतरी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवला, आणि दार लागलं. मी खाली उतरलो.

हे होऊन दोन वर्षं झाली. त्या जिन्यावर मी अजून गेलेलो नाही. दादा आता त्या बिल्डरच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, सणाला बोलावतो, वहिनी ताट वाढते. संस्थेचा विषय निघाला की तो उठून पाणी आणायला आत जातो.